खेळल्याशिवाय टोपी नाही

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे नुसतं लिहायची रीत म्हणून लिहिलेलं नाही. परवा एका अतिशय नावाजलेल्या क्लबच्या हिरवळीवर मी आठही अंगांनी जमिनीला टेकले होते. त्याची हकीकत पुढे येईलच. तोवर तोच नमस्कार तुला पोचला असं समज.)

तुझा गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, की अजून "बघू या"वरच गाडी अडली आहे? सगळी हयात वॉर्डात काढलेल्या नर्सचं ऐक. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. आणि दुखत असताना "काही नाही गं, जरा अवघडलाय" म्हणायची आपल्या घराण्याची खोड आता तरी सोड. भावोजींचा रक्तदाब कसा आहे? त्यांचा आवाज कसा आहे हे विचारत नाही, तो इथपर्यंत येतो. आम्ही दोघं मजेत आहोत. म्हणजे मी मजेत आहे, आणि हे मजेत असल्याचं कबूल करत नाहीत.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. तर बाई, तू फोन स्पीकरवर टाकून कणीक मळत बसतेस, आणि भावोजी पेपराआडून सगळं ऐकून मध्येच हुंकार देतात. इकडे माझ्या शेजारी हे उभे राहून, मला काही ऐकायचंच नाही असं दाखवत, कान टवकारतात. अशा फोनवर हवापाण्याशिवाय काय बोलणार? म्हणून हे पत्र. दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या यंत्राशेजारी बसून चोरून लिहिते आहे. बाहेर गिऱ्हाईक आलं की चार ओळी लिहायच्या आणि ह्यांची पावलं वाजली की वर फ्रेमांचा कॅटलॉग ठेवायचा. तुझा नवा चष्मा तयार आहे, त्याच्याच पार्सलात हे पत्र घालीन. ह्यातलं एक अक्षरही ह्यांना कळता कामा नये.

आधी मुळापासून सांगते, कारण भांडण झालं तेव्हा तू स्वयंपाकघरात होतीस आणि तुला फक्त भावोजींची आवृत्ती ठाऊक आहे. त्या दिवशी तुमच्याकडे जेवायला येताना ह्यांनी एक वेगळी सुटकेस घेतली होती. तू विचारलंस, राहणार आहात का? राहणार कुठले! तिच्यात टोप्या होत्या. नामांकित गोल्फ क्लबांच्या, एकाहून एक. भावोजींच्या टोप्यांच्या त्या काचेच्या कपाटासमोर (ज्याला आत दिवा लावलेला आहे, आणि त्या दिव्यावरून तुझं-त्यांचं विजेच्या बिलाचं जे होतं ते मला ठाऊक आहे) ह्यांनी एकेक टोपी सोफ्याच्या पाठीवर मांडली. भावोजींनी सगळ्या पाहिल्या. पूल बांधणाऱ्या इंजिनियरची नजर ती, भेग कुठे आहे ते आधी शोधणार. एक टोपी उचलून त्यांनी अगदी गोडीने विचारलं, की ह्या क्लबचा सातवा होल कसा वाटला? हे म्हणाले, छान होता. त्यावर भावोजींनी पाहुण्यांसमोर सांगितलं, की तिथला सातवा होल समुद्राने केव्हाच गिळला. तिथे सहाव्यावरून थेट आठव्यावर जातात.

इथे थांबायला हवं होतं. पण आपले भावोजी! पूल अर्धा बांधून सोडायची त्यांना सवय नाही. ते म्हणाले, "साडूभाऊ, तुम्ही खेळाडू नाही, गिऱ्हाईक आहात." ह्यांनी चमचा खाली ठेवला, टोप्या सुटकेसमध्ये भरल्या आणि गोड पदार्थ यायच्या आत मला घेऊन निघाले. (त्या गोडाचं मला अजून वाईट वाटतं. मी आत येऊन वास घेतला होता.) ज्या माणसाने जन्मभर दुकानात गिऱ्हाईकाला देव मानलं, त्याला कोणी गिऱ्हाईक म्हटल्यावर एवढं का झोंबावं, हे मी गाडीत विचारून पाहिलं. उत्तर म्हणून त्यांनी खिडकीची काच वर केली.

दुसऱ्या दिवसापासून टोप्यांचं दानसत्र सुरू झालं. न खेळता घेतलेली एकही टोपी घरात राहणार नाही, असं जाहीर झालं आणि जो दारात आला त्याच्या डोक्यावर टोपी गेली. परिणाम असा, की आमच्या गल्लीत सध्या जेवढे नामांकित क्लब आहेत तेवढे कुठल्या बादशहाच्या पदरी नसतील. कचऱ्याच्या गाडीचा ड्रायव्हर ज्या क्लबची टोपी घालतो, तिथे म्हणे वडिलांनी नाव नोंदवलं तर मुलाच्या म्हातारपणी सभासदत्व मिळतं. प्लंबरची टोपी राजेरजवाडे खेळायचे तिथली. तो नळाखाली वाकला की ती बरोबर आमच्या बादलीत पडते. तळमजल्यावरच्या आजोबांनी तर आपली टोपी कुंडीतल्या रोपाला घातली, ऊन लागू नये म्हणून. हे रोज दुकानात जाताना त्या रोपाकडे पाहत नाहीत.

आणि मग ह्यांनी नियम केला. ज्या क्लबच्या जमिनीवर आपण स्वतः, आपल्या हाताने चेंडू मारलेला नाही, तिथली टोपी विकत घ्यायची नाही, आणि घेतलेली डोक्यावर चढवायची नाही. खेळल्याशिवाय टोपी नाही. हे वाक्य त्यांनी डोळे तपासायच्या तक्त्यासारखं मोठ्यापासून लहान होत जाणाऱ्या अक्षरांत लिहून दुकानात लावलं आहे. गिऱ्हाईकं शेवटची ओळ वाचून दाखवतात आणि हे नंबर देतात.

तुला हे सगळं हसण्यावारी वाटेल, मलाही वाटतं. पण त्या जेवणापासून दोघांचं बोलणं बंद आहे, आणि त्यांच्या मागे तुझं-माझं भेटणंही. आता तुझं ऑपरेशन येतंय. मला तुझ्याजवळ असायचं आहे, ताई. तुला पहिल्यांदा उभं करताना दुसऱ्या कुणी धरलेलं मला चालणार नाही. एकटी येईन म्हटलं तर हे नाही म्हणणार नाहीत. पण मी एकटी आले की भावोजी जिंकल्यासारखं दार उघडणार, आणि इकडे हे हरल्यासारखे पाव खाऊन दिवस काढणार. मी कुणाच्या जिंकण्याची ढाल होऊन तुझ्या घरी यायची नाही. आले तर जोडीने येईन. आणि ह्यांना तुमच्या दारापर्यंत आणायचं कसं, ते मला अजून सुचलेलं नाही.

तर अशा मनःस्थितीत आम्ही सहलीला निघालो. सहल म्हणजे काय, तर ह्यांनी तीन क्लब हेरून ठेवले होते. नाव मोठं हवं, आणि खेळायचा दर आपल्या ऐपतीतला हवा. आता नाव मोठं आणि दर लहान हे एका जागी सहसा नांदत नाहीत. पण स्वस्त फ्रेमही महागडी दिसेल असं करून देणारा हा माणूस, ह्यांनी वाटा शोधल्या. संध्याकाळी दर उतरतो, कारण उजेड कमी. आणि वर्षातून काही दिवस, हिरवळीला हवा मिळावी म्हणून यंत्राने तिच्यात बारीक बारीक भोकं पाडतात, तेव्हा तर दर अगदीच कोसळतो. पहिल्या क्लबमध्ये ह्यांनी दोन्ही साधलं होतं. भोकं पाडलेल्या हिरवळीवर, संध्याकाळी.

बाई गं, काय ते दृश्य! सगळी हिरवळ चाळणी झालेली. चेंडू जिकडे मारावा तिकडे जाता जाता एखाद्या भोकात अडे, विचार करी आणि दुसरीकडे वळे. त्यात ह्यांचा दोन नंबरांचा चष्मा. खालच्या भागातून चेंडू दिसतो भोपळ्याएवढा, वरच्या भागातून झेंडा दिसतो काडीएवढा, म्हणून मारण्यापूर्वी हे मान वर-खाली, वर-खाली करतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, चेंडू काहीतरी विचारतोय आणि हे हो हो म्हणतायत. मग चष्मा काढून पुसणं, वाऱ्याला गवताची काडी सोडणं, काठी बदलणं. (काठी म्हटलेलं चालत नाही, क्लब म्हणायचं. पण क्लबात क्लब घेऊन जायचं मला काही जमत नाही, मी काठीच म्हणणार.) पण एक सांगते, ह्यांनी सगळा डाव प्रामाणिकपणे पुरा केला. वाळूत पडलेला चेंडू मी पायाने ढकलते म्हटलं तर माझ्याकडे असं बघितलं, की मी जणू वॉर्डातली औषधं विकायला काढली आहेत.

अंधारता अंधारता घामाघूम होऊन हे टोपीच्या दुकानाशी पोचले, तर दुकान बंद. नीट लक्षात घे, ताई. स्वस्त दर संध्याकाळचा. संध्याकाळी खेळून होतं तोवर दुकान मिटतं. आणि खेळायच्या आधी टोपी घ्यायची नाही, कारण नियम! म्हणजे ज्याला परवडतं तो टोपी घेऊ शकत नाही आणि ज्याला टोपी मिळते त्याला परवडत नाही, अशी चोख व्यवस्था ह्यांनी आपल्याच हाताने करून ठेवली होती. दुकानाच्या काचेला नाक लावून हे आतल्या टोपीकडे बघत उभे राहिले. निळी होती, छान होती. सकाळपर्यंत थांबू म्हटलं, तर दुसऱ्या क्लबकडे पहाटेच निघायचं ठरलेलं. काचेवर नाकाचा ठसा तेवढा राहिला. तो ह्यांनी निघताना रुमालाने पुसला, धंद्याची सवय.

दुसरा क्लब इतका जुना, की तिथल्या दारवानाच्या मिशाही वारसाहक्काने आल्यासारख्या वाटत होत्या. तिथे बाहेरच्या माणसाने खेळायचं तर एका सभासदाची शिफारस लागते आणि आपल्याला खेळता येतं असा दाखला लागतो. ह्यांच्याकडे दोन्ही नाही. (सभासद असलेला आपल्या ओळखीचा एकच मनुष्य आहे, आणि त्याच्याशी आपण बोलत नाही.) दुकान मात्र सगळ्यांना उघडं, दिवसाढवळ्या, आत टोप्यांची रास. ह्यांनी दुकानाच्या दाराशी उभं राहून स्वतःच्याच नियमाचं कलम न कलम तपासलं. क्लबची जमीन, आपली काठी, आपला हात. खेळ पुरा केला पाहिजे असं नियमात कुठे आहे? गाड्या लावायच्या जागेशेजारी फुलांच्या वाफ्याभोवती गवताची एक पट्टी होती. ती जमीन क्लबचीच ना?

मला म्हणाले, तू वाफ्यापुढे उभी राहा, मी तुझा फोटो काढतोय असं दिसू दे. मी उभी राहिले. आपल्या नवऱ्याच्या गुन्ह्यात सामील व्हायला बाईला एवढं निमित्त पुरतं. ह्यांनी छत्रीच्या पिशवीतून काठी काढली, मान वर-खाली केली आणि चेंडूला एक हलकासा धक्का दिला. चेंडू गवतावरून गेला, डांबरावर उतरला आणि एका लांबलचक गाडीखाली शिरला. हे पालथे पडून तो काढायला गेले. तेवढ्यात गवताला पाणी घालायची वेळ झाली असावी, कारण वाफ्यातून चारी बाजूंनी कारंजी उडाली. मी उडी मारून बाजूला झाले. हे गाडीखाली होते. बाहेर आले ते सचैल स्नान करून, चष्म्याच्या दोन्ही काचांवरून पाणी निथळतंय, आणि समोर क्लबचे सेक्रेटरी उभे. गाडी त्यांचीच होती.

काय करताय म्हणून त्यांनी विचारलं. ह्यांनी सांगितलं, चष्मा शोधतोय. चष्मा नाकावर! सेक्रेटरी फार सभ्य मनुष्य, त्यांनी नाकाकडे बघितलं आणि आतून एक टॉवेल मागवला. जाडजूड, क्लबचं चिन्ह विणलेला. ह्यांनी अंग पुसलं आणि आभार मानून टॉवेल परत केला, तेव्हा तितक्याच सभ्यपणे कळवण्यात आलं, की वापरलेला टॉवेल क्लब परत घेत नाही, दुकानात त्याची किंमत लिहिलेली आहे. म्हणजे टोपीऐवजी टॉवेल घेऊन आम्ही बाहेर पडलो. वाटेत हे आपणच म्हणाले, की नाही, ते धरता येणार नाही. पट्टीवर मारलेला चेंडू म्हणजे खेळ नव्हे. त्या टॉवेलने आता मी गाडीची काच पुसते. मला त्या क्षणी ह्यांचं कौतुक वाटलं, पण ते बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर पुन्हा काहीतरी करून बसले असते.

राहिला तिसरा. ताई, हा तिसरा क्लब म्हणजे तोच गं. भावोजींच्या कपाटात मधोमध जी जागा रिकामी आहे, ती ज्याच्यासाठी राखलेली आहे तो. तिथे खेळायला सोडत काढतात आणि भावोजींचं नाव कधी लागलेलं नाही. समुद्राच्या कडेला, वाऱ्यात, उंच गवतात पसरलेला. आम्ही पोचलो तेव्हा हे गाडीतून उतरून नुसते बघत राहिले. सोडतीत ह्यांचंही नाव नव्हतंच. पण कुणी ऐन वेळी आलं नाही तर जागा मिळते म्हणे, या आशेवर आलो होतो. जागा होतीही! मग ह्यांनी दराचा फलक वाचला. आधी चष्म्याच्या वरच्या भागातून, मग खालच्या भागातून. मग चष्मा पुसून पुन्हा. मग शेजारच्या बाकावर बसले. इतक्या लांब येऊन, त्या दारात, हा माणूस लहान मुलासारखा बसला होता, आणि मला मनापासून वाईट वाटलं.

तेवढ्यात माझं लक्ष खालच्या दुसऱ्या फलकाकडे गेलं. ज्या बायकांनी जन्मात कधी गोल्फची काठी हातात धरलेली नाही, त्यांच्यासाठी त्याच दुपारी शेवटचे थोडे होल खुले होते. शिकवायला बाई, काठ्या क्लबच्या, दर जवळजवळ फुकट. मी वाचलं, ह्यांनी वाचलं, आणि ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं दुकानातली न खपणारी फ्रेम अचानक कुणाच्या चेहऱ्याला शोभून दिसावी. मी म्हटलं, छे, मला नाही जमायचं. हे म्हणाले, न जमणं हीच तर अट आहे.

शिकवणाऱ्या बाई धिप्पाड, उन्हाने रापलेल्या, आवाज भावोजींच्या तोडीचा. घरच्या माणसाने बॅग उचलली तर चालेल, पण तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. वाळूच्या खड्ड्यांपेक्षा जास्त नुकसान नवरे करतात, असा त्यांचा अनुभव. ह्यांनी बॅग खांद्याला लावली आणि ओठ आवळले. आणि मी पहिला फटका मारला. चेंडू होता तिथेच राहिला, काठी फिरली, काठीबरोबर मी फिरले, आणि वर सांगितलेला साष्टांग नमस्कार तो हाच. दुसऱ्या फटक्याला गवताचा एक मोठा तुकडा उडून ह्यांच्या बॅगेत पडला. ह्यांचा चेहरा लाल झाला, पण शब्द नाही. तीन वेळा तोंड उघडलं आणि तीन वेळा बाईंनी नुसतं बघितलं.

मग मी विचार केला, की आपण ह्यांच्यासारखं करतोय, हेच चुकतंय. सुई टोचताना फार वेळ लावला की रोगी घाबरतो आणि आपला हातही कापतो. बोलता बोलता टोचायची, हे मी नव्या मुलींना वर्षानुवर्षं शिकवत आले. म्हणून मी बाईंना त्यांच्या मुलांबद्दल विचारलं आणि त्या सांगत असताना सहज काठी फिरवली. चेंडू उडाला! ज्या दिशेला जायचा त्या दिशेला नाही गेला. उजवीकडच्या बाकाच्या पाठीवर आपटला, तिथून उलटा फिरला आणि टुणटुण करत हिरवळीवर येऊन थांबला. बाई म्हणाल्या, असं आजवर पाहिलं नाही. मी म्हटलं, बाकावर कुणी बसलं नव्हतं हे नशीब.

आता राहिला नुसता ढकलायचा. अंतर आपल्या माजघरापासून अंगणाच्या फाटकापर्यंतचं, मध्ये उतार. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे बोलू शकत नव्हते, म्हणून ह्यांनी श्वास रोखून धरला होता आणि बॅग पोटाशी कवटाळली होती. मी बाईंना म्हटलं, धाकटा काय करतो म्हणालात? आणि ढकलला. चेंडू गेला, गेला, उताराला लागला, वळला, भोकाच्या काठाशी थांबला, मलाही वाटलं संपलं, आणि पडला. ताई, हे ओरडले! असे ओरडले की पलीकडच्या होलवरची माणसं काठ्या टाकून बघायला लागली. स्वतःच्या खेळावर इतकं खूश झालेलं मी ह्यांना कधी पाहिलेलं नाही. बाईंनी ह्यांना मैदानाबाहेर काढलं.

मग आम्ही दुकानात गेलो. उघडं होतं! हे सरळ टोपीपाशी गेले, गडद हिरवी, पुढे चिन्ह, आणि डोक्यावर घालून आरशात बघितलं. बघत राहिले. मी मनात म्हटलं, घे बाबा, आता तरी घे, कोण विचारतंय. आणि ह्यांनी ती काढली. दुकानातल्या मुलीने काही विचारलेलं नसताना तिला सांगितलं, "मी खेळलेलो नाही, ही खेळली." मग ती टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. कानांपर्यंत आली. तर गिऱ्हाईकाच्या कानामागे चष्म्याच्या काड्या बसवतात तशा दोन्ही हातांनी ह्यांनी मागचा पट्टा आवळला, एक पाऊल मागे सरून डोकं तिरकं करून बघितलं, पुन्हा थोडा सैल केला. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला दागिने घातले, पण एवढ्या निगुतीने काही घातलेलं आठवत नाही. मला भरून आलं, आणि मी ते दुकानाच्या एअरकंडिशनरवर ढकललं.

गाडीत बराच वेळ समुद्र दिसत होता. हे म्हणाले, "पूलवाले असते तर तुझी पकड त्यांनी जागच्या जागी सुधारली असती." मी वळून ह्यांच्याकडे बघितलं. तर म्हणाले, की म्हणजे, चुकीची सुधारली असती. पण मला कळायचं ते कळलं. ह्यांना टोपी नको आहे, ताई. टोपी बघून डिवचणारा तो माणूस हवा आहे. पण हे ह्यांच्या तोंडून वदवायचं म्हणजे प्लंबरच्या डोक्यावरची टोपी कोरडी राहण्यासारखं आहे.

बाहेर गिऱ्हाईक उठलेलं दिसतंय. आता आवरतं घेते. भावोजींना नमस्कार सांग, गुडघ्याला शेक दे. कळावे. लोभ तुझ्या-माझ्यात भरपूर आहे, त्यातला थोडा दोन्ही साडूंना वाटून द्यावा, ही विनंती.

तुझी,
धाकटी

ता. क. : खरं काम राहिलंच. भावोजींनी हौसेने तुझ्यासाठी आणलेल्या त्या बायकी मापाच्या काठ्या माळ्यावर पडल्या आहेत ना? (त्यातल्या एकीने तू जाळी काढतेस, ती पुसून घे.) त्या मला हव्या आहेत. मी ऑपरेशनला येतेय, टोपी घालून. सकाळी व्यायामवाली बाई तुझा पाय वाकवत असेल तेव्हा मी तिथल्या मैदानावर जाईन. भावोजींना विचार, मला पकड शिकवतील का? त्यांच्याइतकं शिकवणारं दुसरं कोण आहे! मात्र ह्यांना ह्याचा पत्ता लागू देऊ नकोस. लागला तर पंचाईत.

ता. क. : (हे अक्षर माझे आहे. चष्म्याची डबी ठेवताना पत्र दृष्टीस पडले.) ताई, सादर नमस्कार. पत्रातील हकीकत अतिशयोक्त आहे. सातवा होल "छान" होता असे मी म्हणालो नव्हतो, "बरा" होता असे म्हणालो होतो. पूलवाले उजवा अंगठा खाली दाबायला शिकवतात, ते साफ चूक आहे. तिच्या हाताला नैसर्गिक वळण आहे, ते बिघडता कामा नये. सबब शिकवणीच्या वेळी मला स्वतः हजर राहणे भाग आहे. ऑपरेशनची तारीख कळवावी, दुकान बंद ठेवतो. तुमचा डाव्या डोळ्याचा नंबर किंचित वाढवला आहे. त्यांचाही तपासायला हवा, बरेच दिवस झाले.

(ताई, हा चिटोरा वेगळा आहे, चष्म्याच्या कापडात गुंडाळलेला. वाचून फाडून टाक. मी चोरून लिहितेय असं वर जिथे जिथे लिहिलंय, ते ह्यांच्यासाठी होतं. उघड लिहिलं असतं तर ह्यांनी ढुंकून पाहिलं नसतं. म्हणून कॅटलॉगखालून अर्धं पान बाहेर ठेवलं, आणि ह्यांच्या हस्ताक्षरातला निकाल वर आहेच. आता तू हे पत्र भावोजींपासून लपव. लपव म्हणजे त्यांच्या पेपराच्या घडीखाली ठेव, कोपरा दिसेल असं. एकदा दोघांची त्या अंगठ्यावरून जुंपली, की संध्याकाळपर्यंत मिटायची नाही. मग मी तुझा पाय मांडीवर घेईन, आणि आपण दोघी पोटभर बोलत बसू.)